हब लॉक केलं होतंस ना?

भाड्याची गाडी ताब्यात घ्यायलाच अडीच तास लागले आणि त्यातले दोन तास आम्ही तिघंही नुसती मान हलवत होतो. गाव मौन, देश बोट्सवाना, जुलै महिना, सकाळचे नऊ वाजलेले आणि थंडी अशी की मी स्वेटरवर नवऱ्याचं जॅकेट चढवलेलं. समोर पांढरी टोयोटा लँड क्रूझर ७९, डबल कॅब, टपावर दोन घडीचे तंबू, मागे दोन स्टेपन्या, आणि गाडी समजावून सांगणारा एक उंच माणूस जो प्रत्येक वस्तू दाखवून झाली की विचारायचा, ओके म्मा? (म्मा म्हणजे बाई.) मी म्हणायची ओके. त्यातलं निम्मं ओके खोटं होतं हे तीन दिवसांनी कळलं.

आम्ही तिघं म्हणजे मी, नवरा आणि सासरे. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक, वय सदुसष्ट, नाशिकहून निघतानाच त्यांनी जाहीर केलं होतं की मी काही हत्ती बघायला येत नाहीये, मी गाडी बघायला येतोय. झालं पण तसंच. तो माणूस बोलत होता तेव्हा आम्ही दोघं फोनवर व्हिडिओ काढत होतो आणि बाबा गाडीखाली आडवे. बाहेर आले ते खूश होऊन, "अगं मागे पाटे आहेत, पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आपल्या एसटीसारखे! आणि दोन्ही अ‍ॅक्सल सलग. हिला काय होतंय!"

ही ७९ ज्या ७० सिरीजमधली ती १९८४ पासून निघतेय. अधेमधे तोंडवळा बदलला, इंजिनं बदलली, पण शिडीसारखी चेसिस आणि सलग अ‍ॅक्सल तेच राहिले. आमच्या गाडीत ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, टर्बो नाही, एवढ्या अवजड धुडाला ताकद म्हणाल तर १३० हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या नव्या एसयूव्हीवाले हसतील. पण त्यात बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक फार काही नाही, हेच तिथल्या लोकांना हवं असतं. जंगलात सेन्सर गेला म्हणून गाडी थांबली तर कोण येणार? जुना डिफेंडर आवडणारेही भेटतात, पण त्याचं उत्पादन २०१६ च्या जानेवारीत बंद झालं, आणि टोयोटाचं सामान कुठल्याही आडगावात मिळतं म्हणतात. बाबांना तेवढं पुरेसं होतं.

स्वतः चालवायचं कारण साधं, गाइडसकटची सफारी आमच्या बजेटच्या पार बाहेर. आणि तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की झालं. चालवणार मी. नवऱ्याला गिअरची गाडी आता नको वाटते, आणि बाबांचं नाव करारात नव्हतं, यावरून ते शेवटपर्यंत थोडे नाराज होते.

त्या माणसाने विचारलं, वाळूत चालवलीये का? मी म्हटलं हो, समुद्रकिनाऱ्यावर. दिवेआगरला एकदा, पाच मिनिटं, हे नाही सांगितलं. तो हसला फक्त. मग त्याने जे सांगितलं त्यातलं मला ठळक आठवतं ते असं: डांबर संपलं की थांबायचं, चारही चाकांची हवा काढायची, पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर, म्हणजे हबवर, चाक अ‍ॅक्सलला जोडणारी जी गोल चकती आहे ती फ्री वरून लॉक वर फिरवायची, मग आत बसून छोटा दांडा एच-फोर मध्ये, म्हणजे जोर चारही चाकांना; फार अवघड जागी एल-फोर, तेच पण हळू आणि जास्त ताकदीने. डांबर परत लागलं की सगळं उलट. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत कारण चाक खोबणीत आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतो. वाळूत ब्रेक नाही मारायचा, नुसता पाय उचलायचा, वाळूच थांबवते. डिफ लॉकचा खटका, म्हणजे एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा, अगदी शेवटचा उपाय, आणि तोही सरळ रेषेत असतानाच, त्यामुळे त्याला आम्ही देवाच्या मूर्तीसारखं लांबूनच नमस्कार करायचं ठरवलं. पाण्यात झालेलं नुकसान, टायर, काच, गाडीचं पोट आणि क्लच हे इन्शुरन्समध्ये नाही, इथे सही करा. म्हणजे जंगलात ज्याचं नुकसान व्हायची शक्यता आहे नेमकं तेवढंच वगळलेलं. केली सही.

डिझेल टाक्या काठोकाठ भरल्या, कारण मौनपासून कसाने नावाच्या गावापर्यंत आम्ही जंगलातून जाणार होतो आणि त्या वाटेवर भरवशाचा पंप नाही. गाडी वाळूत लिटरला पाच-सहाच्या वर देत नाही हे धरून हिशोब करायचा. पैसे पुला मध्ये दिले. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस! ज्या देशाचा बराच भाग कालाहारी आहे त्याच्या नोटेवर पाऊस, मला फार आवडलं हे.

शोरोबे गावाला डांबर संपलं. थांबलो. इथेच घोळ झाला पण तो तेव्हा कळला नाही, म्हणून क्रमाने सांगते. मी हवा मोजायच्या काट्याशी झटत होते, २.२ बार वरून १.४ वर आणायची, म्हणजे आपल्या भाषेत ३२ वरून २०. आपल्याकडे २० हवा असली की पंक्चरवाला ओरडतो. इथे कमी हवा हाच सगळा खेळ, टायर जमिनीवर लांबट पसरतो, वाळू कापत खाली जाण्याऐवजी वरून चालतो. प्रत्येक चाकाला तीनेक मिनिटं फुस्स करत बसायचं. तेवढ्यात मी डाव्या चाकाची चकती फिरवली आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, उजवीकडचं बघ रे. तो म्हणाला हो. तो "हो" म्हणजे मी उजवीकडे बघतोय की गाई येतायत का, कारण उजवीकडून खरंच गाई येत होत्या.

पुढे जनावरांचं कुंपण लागतं. तिकडच्या रानम्हशींमधला लाळ-खुरकुताचा रोग पाळीव गुरांना लागू नये म्हणून ही कुंपणं शेकडो किलोमीटर घातलेली आहेत. मग मोरेमीचं साउथ गेट, मौनपासून शंभरेक किलोमीटर. हे राखीव जंगल १९६३ मध्ये तिथल्या बातवाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर जाहीर केलं, तेव्हा दिवंगत प्रमुख मोरेमी तिसरे यांच्या पत्नी कारभार बघत होत्या. आत वेग ४० च्या पुढे नाही आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. मला आधी वाटलेलं ४० काय, बैलगाडी का? आत गेल्यावर २० जमलं तरी दिवाळी.

पहिले दोन दिवस मोरेमीत छान गेले. थर्ड ब्रिज म्हणजे मोपाने झाडाच्या लाकडांचा पूल, गाडी वर चढली की लाकडं खडखड वाजतात आणि अलीकडे बोर्ड की मगरी आहेत. कॅम्पला कुंपण नाही. तंबू टपावर असल्यामुळे रात्री वर चढून झोपायचं आणि मग सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही, बाबांची यावर वेगळी सोय होती, रिकामी बिसलेरी, बाकी विचारू नका. सकाळी गॅसवर थालीपीठ, भाजणी घरून नेलेली. तव्याच्या वासाने माकडं जमतात, एक आख्खं थालीपीठ गरम-गरम पळवलं आणि झाडावर बसून ह्या हातातून त्या हातात करत बसलं.

पाणी ओलांडायचा प्रसंग दुसऱ्या दिवशी. जुलैत तिकडे पावसाचा थेंब नाही, तरी पाणी मात्र वाढत असतं, कारण हा पाऊस काही महिन्यांपूर्वी अंगोलाच्या डोंगरात पडलेला, तो हळूहळू चालत ओकावांगो नदीतून इथे येतो आणि समुद्राला न मिळता तिथेच वाळवंटात पसरून जिरतो. त्यामुळे मे महिन्यात कोरडी असलेली वाट जुलैत तळं होऊ शकते. आपल्याकडे ओढा ओलांडायचा तर आधी कोणीतरी काठी घेऊन चालत जातं. इथे पाण्यात पाय घालायचा नाही, मगर आणि पाणघोडा. मग काय करायचं, तर थांबायचं. समोरच्या काठावर ओल्या चाकोऱ्या दिसतायत का बघायचं, कोणी येतंय का वाट बघायची. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो, एक सफारीवाला आला, त्याच्या गाडीचं चाक कुठवर बुडतंय ते बघितलं, मध्यावरच्या चकतीच्या जरासं वर. बाबा म्हणाले थांबलो ते बरंच झालं, तापलेलं डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्ये दोन्ही चाकांना जोर वाटणारा गोळा, एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेतं. मग एल-फोर, दुसरा गिअर, क्लचला पाय नाही, एकाच गतीने. बोनेटच्या पुढे पाण्याची एक लाट तयार होते आणि आपण तिच्या मागून चालतो. मी श्वास घेतला का नाही आठवत नाही. पलीकडे गेल्यावर दोनतीनदा ब्रेक दाबून वाळवले.

(तिथला तळ बऱ्यापैकी घट्ट होता. नसता तर तिथेच कळलं असतं काय ते.)

मोरेमीच्या उत्तर टोकाला, ख्वाईला, सफारी कंपन्यांच्या गाड्या ओळीने दिसल्या आणि बाबांना पर्वणी. तीच लँड क्रूझर, पण दारं-खिडक्या-टप सगळं काढलेलं, मागे चढत्या पायऱ्यांसारख्या तीन ओळी, थिएटरसारख्या. नवरा म्हणाला केनियात तर बंद गाड्या असतात, छत वर उचललं जातं अशा. त्याचं कारण मला तिथल्या एका गाइडने सांगितलं ते पटलं. केनिया-टांझानियात लोक एका पार्कमधून दुसऱ्यात त्याच गाडीने तास न् तास हायवेने जातात, धूळ आणि वारा, म्हणून बंद बॉडी, लांब केलेली चेसिस आणि उघडणारं छत. बोट्सवानात पाहुणे छोट्या विमानाने थेट लॉजवर उतरतात, गाडी फक्त सकाळ-संध्याकाळ जंगलात फिरायला, मग बॉडी हवीच कशाला. आपल्या ताडोबात जिप्सी उघडी असते तेही याच हिशोबाने, गेटमधून आत आणि गेटमधून बाहेर. जिप्सी मात्र केवढी हलकी! या गाड्यांपुढे ती खेळण्यातली वाटेल, पण मला खरं सांगायचं तर जिप्सीतून वाघ दिसतो तेव्हा जी जवळीक वाटते ती इथल्या उंच सीटवर नाही वाटत.

आता मुख्य प्रकरण. चौथ्या दिवशी माबाबे गेटमधून चोबे नॅशनल पार्कात शिरून सावुतीला जायचं. दोन वाटा आहेत, एक दलदलीच्या मैदानातून आणि एक वाळूच्या टेकाडावरून. मैदानातली जमीन काळी आहे, तिला तिथेही ब्लॅक कॉटनच म्हणतात, म्हणजे आपली वऱ्हाडातली कापसाची काळी माती! ओली असली की गाडी गिळते हे बाबांना वेगळं सांगायला नको, त्यांनी वऱ्हाडात चिखलात रुतलेल्या बस काढल्यात. म्हणून वाळूची वाट घेतली. शिवाय निघायला उशीर झालेला. वाळू सकाळी गार असते तेव्हा घट्ट असते, दुपारी तापली की मोकळी होते, हे त्या उंच माणसाने सांगितलेलं आणि आम्ही ओके म्हटलेलं. साडेबारा वाजले होते.

वाट म्हणजे दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये उंच वरंबा. या वरंब्याला दक्षिण आफ्रिकेकडचे लोक मिडलमानिकी म्हणतात, मधला छोटा माणूस. या माणसाने आमचं पोट घासायला सुरुवात केली. त्यात ७९ ची एक गंमत आहे, मागची चाकं पुढच्यांपेक्षा थोडी आत आहेत, त्यामुळे पुढच्या चाकांनी दाबलेल्या जागेवर मागची बरोबर पडत नाहीत, त्यांना आपली नवीन वाळू कापावी लागते. तिसरा, मग दुसरा, इंजिन ओरडतंय, गाडी पोहल्यासारखी डावी-उजवी होतेय, आणि मग मी ती चूक केली जी सगळे करतात, अडकतेय म्हटल्यावर अजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं फिरली आणि गाडी शांतपणे बसली. म्हैस बसते तशी, आधी मागून.

क्लचचा वास. बाहेर टळटळीत ऊन. कोणी नाही.

रिव्हर्स टाकला, नाही. पुन्हा पुढे, अजून खाली. नवरा म्हणाला एल-फोर टाक, टाकला, मागची चाकं तेवढीच हळू हळू खाली गेली. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "थांब, बंद कर. पुढची चाकं फिरतायत का?"

मी म्हटलं फोर बाय फोर लागलंय, डॅशबोर्डवर दिवा आहे.

"दिव्याचं नाही विचारलं. चाकाचं विचारलं."

खाली उतरायचं म्हणजे आधी बघायचं. नवरा खिडकीतून थेट टपावर चढला, दुर्बीण घेऊन चारी बाजूंनी पाच मिनिटं गवत बघत बसला. लांबवर एक जिराफ, बास. मग बाबा उतरले, मागोमाग मी. मी आत जाऊन हलकेच क्लच सोडायचा, ते बाजूला उभं राहून बघणार. मागची दोन्ही फिरली. पुढचं एकही नाही. बाबा डाव्या चाकाशी वाकले, चकती लॉकवर. वळसा घालून उजव्या चाकाशी गेले आणि तिथून फक्त एक वाक्य आलं, "हब लॉक केलं होतंस ना?"

फ्री. चार दिवस फ्री. उजवीकडे बघ रे, हो.

पुढची दहा मिनिटं नवरा-बायकोत जे झालं ते टपावरून आणि टपाखालून झालं, ते राहू दे. पण एक हब लॉक असूनही काहीच कसं लागलं नाही हे मला समजत नव्हतं, निदान डावं चाक तरी फिरायला हवं ना? बाबांनी वाळूत बोटाने काढून दाखवलं. डिफरन्शियलचा स्वभाव असा की जिकडे सोपं जातं तिकडे जोर जातो. उजव्या बाजूचा अ‍ॅक्सल चाकाला जोडलेलाच नाही, म्हणजे त्याला काही ओझंच नाही, म्हणून सगळी फिरकी तिकडे गेली, अ‍ॅक्सल आतल्या आत गरगर फिरत होता आणि डावं चाक सुतकी चेहऱ्याने जागेवर. "वरून गाडी चारचाकी, आतून दोनचाकी," असं म्हणून ते पुन्हा खाली वाकले.

चकती फिरवली, कट्ट. तरी गाडी आता पोटावर बसलेली. मग फावडं. आधी चाकांच्या मागची वाळू, कारण ज्या वाटेने आलो तिनेच मागे जाणं सोपं असतं, मग डिफच्या गोळ्याखालची, मग वरंबा. एक फावडं काढलं की दीड फावडं वाळू परत घसरते. वाळूत घालायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या मागच्या चाकांमागे कोंबल्या. हवा १.४ वरून १.१ वर आणली. दोघं खणायचे, एक टपावर पहारा, दर पंधरा मिनिटांनी पाळी बदलायची, बाबांना आम्ही पहाऱ्यावर ठेवायचा प्रयत्न केला पण ते ऐकतात कसले. सव्वा तास गेला यात. एल-फोर, रिव्हर्स, क्लच सोडला आणि गाडी अशी काही सरळ मागे आली की मला वाटलं कोणीतरी ओढतंय. पट्ट्या वाळूत गाडल्या गेल्या त्या शोधून काढल्या. मग जरा मागून वेग घेऊन, एच-फोर, तिसरा गिअर, आणि तीच जागा आम्ही अक्षरशः न थांबता पार केली. त्याच वाळूतून. मला राग आला गाडीचा, म्हणजे हे तुला आधीपासून येत होतं तर.

निघताना बाबांनी गाडीखाली एकदा डोकावलं आणि मूठभर वाळलेलं गवत काढलं. ही अजून एक गोष्ट जी आम्ही ओके म्हणून विसरलेलो. वरंब्यावरचं गवत पोटाखाली सायलेन्सरजवळ साठतं, तापतं आणि पेट घेतं, गाड्या जळून खाक झाल्यात अशा. रेडिएटरपुढे जाळी लावलेली होती तीही बियांनी गच्च भरलेली, म्हणून इंजिनचा काटा वर चढत होता. तेव्हापासून दर तासाला थांबून डोकावणं सुरू, बाबांनी ती ड्युटीच लावून घेतली.

सावुतीला सूर्य बुडायच्या जरा आधी पोचलो. या सावुतीच्या ओढ्याची गोष्ट विचित्र आहे, १९८२ मध्ये आटला तो पंचवीसेक वर्षं कोरडाच, आणि २००८ नंतर पुन्हा वाहता झाला, पाऊस वाढला म्हणून नाही म्हणतात, जमीन खालून हलते म्हणून. रात्री हत्ती तंबूच्या इतक्या जवळ आला की त्याच्या पोटाची गुरगुर ऐकू येत होती, मी म्हटलं बाबा बघा. ते झोपले होते. बोट्सवानात सव्वा लाखाच्या वर हत्ती आहेत, जगात सगळ्यात जास्त, त्यातला एकही त्यांनी नीट बघितला असेल असं मला वाटत नाही.

पुढचा दिवस गोहा गेट ते काचिकाऊ, सगळे म्हणतात सगळ्यात खोल वाळू इथे. आम्ही सकाळी सहाला निघालो, दोन्ही चकत्या तिघांनी तीनदा बघितल्या, आणि काही म्हणजे काहीच झालं नाही. फक्त एका मोपानेच्या तुटक्या बुंध्याने मागच्या टायरच्या कडेला चीर पाडली. हवा कमी असली की टायरची कड बाहेर फुगते, तिथेच ती नाजूक असते. तो उंच जॅक बाबांनी हातात घेऊन परत ठेवला, "हा हात मोडायचा जॅक आहे," म्हणाले, आणि छोट्या जॅकखाली लाकडी फळी टाकून स्टेपनी बदलली. वीस मिनिटं. डेपोत बारा मिनिटात व्हायचं म्हणे.

काचिकाऊला डांबर दिसलं तेव्हा नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. बोनेट उघडून कॉम्प्रेसर बॅटरीला लावला, इंजिन चालू ठेवून चारी चाकं पुन्हा २.२, एकेका चाकाला पाच मिनिटं, शेजारी गावातली पोरं जमून बघत होती. मग कसानेपर्यंत शंभरेक किलोमीटर गुळगुळीत रस्ता, ८० च्या वेगाला गाडी विमानासारखी वाटत होती, फक्त स्टिअरिंग जरा जड लागत होतं. मी म्हटलं हात दुखतायत म्हणून असेल.

कसानेच्या यार्डात गाडी परत घेणारी बाई होती, हातात कागद. चीर पडलेला टायर बघितला, लिहिलं. दोन्ही बाजूंचे काट्यांचे ओरखडे बघितले, लिहिले, ते तर मौनलाच होते असं मी व्हिडिओ दाखवून भांडले आणि ती मान्य झाली. मग ती पुढच्या चाकाशी वाकली, चकतीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. लॉक. पलीकडची पण लॉक. सगळं डांबर आम्ही तसंच तुडवत आलो होतो.

मी बाबांकडे बघितलं. ते पलीकडच्या गाडीचे पाटे मोजत होते.